समोर नुसती भिंत

स्टिअरिंगखाली डोकं घालून गॅरेजवाल्या शाहनवाजनं फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं.

"गाडी बंद असताना पण कॅमेरा चालू पाहिजे ना, मॅडम?"

"हो," क्रांती म्हणाली.

किल्ली काढल्यावरही कुठल्या फ्यूजला करंट राहतो, ते त्यानं टेस्टर लावून शोधलं. एक वायर तिथं जोडली. दुसरी वायर, किल्ली फिरवल्यावर जागा होणाऱ्या फ्यूजला. काळी वायर त्यानं बॉडीच्या बोल्टखाली आवळली.

"आता दार उघडलं, गाडी हलली, की रेकॉर्डिंग सुरू. आवाजासकट. बॅटरी उतरायला लागली तर कॅमेरा आपोआप बंद होईल."

"पण बॅटरी आत्तापर्यंत का उतरत होती?"

"मागचं दार अर्धवट लागलेलं होतं. आतला दिवा जळत राहतो. दारात काही फॉल्ट नाही." तो हात पुसत म्हणाला, "कोणतरी येऊन बसतंय तुमच्या गाडीत."

क्रांतीला भीती वाटली नाही. रागही आला नाही. नवरा, वीरधवल, गेल्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. गाडी विकायची होती; रविवारी कराडहून ती बघायला माणूस येणार होता. त्याच्या आत बॅटरीची कटकट मिटायला हवी होती, एवढंच.

कॅमेरा वीरधवलनंच आणलेला, समोरच्या काचेला लावायला. ठिबक सिंचनाच्या कामासाठी तो सांगली-सातारा सारखा फिरायचा. एका दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. क्रांती कॉलेजातून घरी आली आणि याच गाडीतून त्याला मिरजेला घेऊन निघाली. गाडी ती चालवत होती. मागच्या सीटवर सासूबाई होत्या, त्यांच्या मांडीवर त्याचं डोकं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी गाडीतच नाडी बघितली आणि मान हलवली.

दिवसकार्य उरकल्यावर क्रांती कामावर रुजू झाली. अकाउंट्स शिकवत राहिली. जेवली, झोपली. रडली नाही. सासूबाई, बनुबाई, तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. ताट वाढून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. दीर गावी न्यायला आले, तर गेल्या नाहीत. विश्रामबागच्या त्या तीन खोल्यांत दोन बायका एकमेकींना चुकवत राहायला लागल्या. त्या आपल्याला दोष देतात, हे क्रांतीनं ओळखलं होतं. तिला ते चुकीचंही वाटत नव्हतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी पार्किंगमध्ये उभं राहून तिनं मोबाईल कॅमेऱ्याला जोडला. दुपारचं एक रेकॉर्डिंग होतं.

कॅमेऱ्याचं तोंड पुढं. पडद्यावर पार्किंगची भिंत दिसत होती. ओल आलेली, शेजाऱ्यांची सायकल टेकवलेली. दार उघडल्याचा आवाज आला. गाडी जराशी दबली. मग मागून बनुबाई बोलल्या.

"आले रं."

गाडीची एक किल्ली घरात खुंटीलाच असायची. क्रांतीनं आवाज वाढवला.

"आज क्रांतीनं अर्धीच भाकरी खाल्ली. लय वाळलीया पोरगी." भिंत तशीच. "तू म्हणलास जळजळतंय, म्या म्हणलं पित्त असंल. ओवा दिला चावायला. वरच्या मजल्यावरच्या कुणाला हाक मारली असती तर... आता कुठल्या तोंडानं बोलू तिच्यासंगं? नवरा घालवला म्या तिचा."

नंतर दहा-पंधरा मिनिटं नुसती भिंत. शेवटी दार लोटल्याचा आवाज. म्हाताऱ्या हाताला ते दार पुरतं लागत नव्हतं.

रात्री बनुबाई ताट वाढून आत गेल्या. बोलायचं कसं, ते क्रांतीला आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. बनुबाई गाडीत होत्या. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. दोन्ही हात मांडीवर उताणे. क्रांती दुसरीकडून आत शिरून शेजारी बसली. बनुबाई दचकल्या, उतरायला लागल्या. क्रांतीनं त्यांचं मनगट धरलं.

"आई, थांबा. मला सांगायचंय काहीतरी." स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "त्या दिवशी दुपारी त्यांचे दोन फोन आले होते. मी वर्गावर होते. नाव बघितलं, तरी उचलला नाही. म्हटलं, घरीच तर जायचंय, मग बोलू. परत लावलासुद्धा नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही."

बनुबाईंनी उतरायला काढलेला पाय आत घेतला.

"त्यानं न्हवता लावला," त्या म्हणाल्या. "म्या लावला हुता, त्याच्या मोबाईलवरनं. दोन डाव. वाजून वाजून बंद पडला."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"तरी तुम्ही एका शब्दानं..."

"काय बोलायचं गं? तुला काय सपान पडलं हुतं?" बनुबाईंनी तिच्या गालावरनं पदर फिरवला. आपला चेहरा ओला झालाय, हे क्रांतीला तेव्हा कळलं. "त्यो पडल्या पडल्या सारखा इचारायचा, उचलला का? म्या म्हणलं, उचलला की. निघालीया ती, वाटंतच हाय."

क्रांतीच्या घशातून आवाज फुटला. बनुबाईंनी तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं.

"आन दाराची बेल वाजली तवा हसला त्यो. म्हणला, आये, आली बघ."