मागावरची बोली

"आजोबा, मागखात्यातला पहिला दिवस सांगा." जुन्या कामगारांच्या आठवणी टिपत फिरणाऱ्या मुलीनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

म्हाताऱ्यानं प्रश्न तिच्या ओठांवरून वाचला. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान केव्हाच घालवले होते आणि गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशननं आवाजही नेला. लिहायचं म्हणाल, तर अक्षराशी जन्माचं वैर. पण त्याचं अडत नव्हतं. गिरणीतल्या गदारोळात सगळेच ओठांनी बोलायचे. शेजारच्या मागावरच्या मुलीशी तो असाच बोलत बोलत लग्नापर्यंत आला होता. आता तो नुसते ओठ हलवी आणि बायको ते मोठ्यानं सांगे.

तो सांगू लागला. पहिल्याच दिवशी त्याच्या मागावरचा धोटा, आडवं सूत नेणारा तो लाकडी तुकडा, उडाला आणि शेजारणीच्या कपाळात बसला. रक्त आलं. तरी ती हसली. ही एक गोष्ट तरी मागे राहावी म्हणून तो आठवडाभर या रेकॉर्डरवाल्या मुलीची वाट बघत होता.

"म्हणतायत," म्हातारी म्हणाली, "पहिल्या दिवशी मुकादमानं फार झापलं."

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली. मुकादम कुठून उपटला मध्येच? ही बया आपलंच दळण दळतेय! त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश. म्हातारी म्हणाली, उकाडा फार असायचा.

मग त्यानं मुद्दाम काडी टाकली. 'लग्नाच्या रात्री तू घोरत होतीस, सांग हिला.'

म्हातारीनं मान डोलावली. "म्हणतायत, माणसं मात्र लाखमोलाची होती."

त्यानं तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. अलीकडे ती त्याच्या बोलण्यावर नुसतं "हं, हं" करायची. काल चहात मीठ पडलं, तेव्हाही तिनं डब्यालाच शिव्या घातल्या होत्या.

तो हळूच उठून खिडकीशी उभा राहिला. खुर्चीच्या पाठीवर त्याचा निळा स्वेटर तेवढा उरला.

"सांगते हो, सांगते," म्हातारी स्वेटरला म्हणाली. "सगळं एकदम नका बोलू."

मुलगी चमकली. ती तोंड उघडणार, तोच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

त्याला रडू फुटलं. रडण्यालाही आवाज नव्हता. त्याचं बोलणं कळणारं जगात एकच माणूस होतं. त्याच माणसाची नजर गेली होती, आणि याचा जीव तुटू नये म्हणून ते कुणाला सांगतही नव्हतं.

डोळे पुसून तो परत खुर्चीत बसला. म्हातारी बोलतच होती. तिच्या ओठांवर नजर ठेवून, एकेका शब्दामागोमाग, तोही आपले ओठ हलवू लागला.

"म्हणतायत," ती म्हणाली, "माझ्या बायकोला मला काही सांगावंच लागत नाही."

त्यानंही तेच म्हटलं.