छप्पर नसलेली जागा

नकाशावरचा पडदा बाजूला झाला. इटलीतल्या अमेरिकन बाँबफेकी विमानांच्या तळावरून निघालेला लाल दोरा समुद्र ओलांडून थेट ब्रेझोवेकच्या रेल्वे स्टेशनवर टेकला होता. स्टाने कोबालच्या हातातली कॉफी तशीच राहिली.

ब्रेझोवेकला त्याची थोरली बहीण राहायची, मिल्का. नवरा रेल्वेत, घर रुळांना लागून. घरचे सगळे अमेरिकेला निघाले तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून ती मागे राहिली. तोवर स्टानेला न्हाऊमाखू घातलं होतं ते तिनेच.

शेजारी बसलेल्या कप्तान ट्वीडीने, त्याच्या विमानाच्या पायलटने, हळूच विचारलं, "कोबाल, तुझी माणसं तिकडचीच ना रे?"

"आमचं गाव लांब राहिलं. डोंगरापलीकडे."

खरं बोलला असता तर त्याला खाली ठेवून दुसऱ्याला नेलं असतं. आणि तो दुसरा चुकला नसता.

ताफ्यात त्यांचं विमान सगळ्यांत पुढे असे. नेम धरायचा तो स्टानेने. मागच्या विमानांतले गडी फक्त त्याच्या विमानाच्या पोटाकडे बघत बसायचे. तिथून बाँब निघाले की आपापली कळ दाबायची, संपलं काम. तुमच्या जागी माकडं बसवली तर सरकारचा पगार वाचेल, केळ्यांवर भागेल, असं स्टाने त्यांना नेहमी चिडवायचा. त्या सकाळी तो सरळ विमानात जाऊन बसला.

डोंगर ओलांडल्यावर तोफांनी गाठलं. उजव्या बाजूचं विमान पेटलं आणि फिरत फिरत खाली गेलं. एकही हवाई छत्री उघडलेली दिसली नाही. त्यातल्या माणसांबरोबर स्टानेने सकाळीच अंड्याच्या भुकटीचा तो पिवळा गोळा गिळला होता.

मग नेम धरायच्या दुर्बिणीच्या काचेत ब्रेझोवेक आलं. रस्ते सुने होते. धोक्याचा भोंगा केव्हाच झाला असणार, सगळे तळघरांत जाऊन बसले असतील, असं त्याने मनाला सांगितलं. पण रुळांजवळच्या त्या घरांची तळघरं ती केवढी! स्टेशनच्या पुढे टेकडीवर दाट रान होतं. तिथे एकही छप्पर नव्हतं.

त्याने नेमाची फुली स्टेशनवरून उचलून रानावर नेली.

बाँब सुटले. मागच्या सगळ्यांनी कळा दाबल्या. टेकडी धुराने झाकून गेली.

कानात ट्वीडीचा आवाज आला, "स्टेशन कुठे, आपण कुठे! डोळे तंबूत ठेवून आलास काय?"

"यंत्र सरकलं, कप्तान."

रात्रीच्या जेवणाला त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. जळालेल्या विमानात ज्याचा दोस्त होता, तो रेडिओवाला आपली ताटली उचलून दुसऱ्या टेबलाशी गेला. स्टाने मान खाली घालून जेवला. लाज वाटत होती, आणि तरी घास उतरत होता. मिल्काचं घर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कर्नलने बोलावलं. हुद्दा जाणार, कदाचित तुरुंगही, हे धरूनच तो आत गेला. कर्नलने त्याला खुर्ची दिली. मग स्वतःच्या बाटलीतली व्हिस्की ओतून दिली.

सकाळी एक विमान अगदी खालून फोटो काढून आलं होतं. स्टेशनला धक्काही नव्हता, कर्नल म्हणाला, गावातली एक काचही फुटली नव्हती.

"पण लेका, काय नशीब घेऊन आलायस! त्या रानात शत्रूची अख्खी तुकडी लपून बसली होती, सामानसुमानासकट. झाडांखाली गाड्याच गाड्या. कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. पदकासाठी तुझं नाव पाठवतोय मी."

त्याने फोटो पुढे सरकवला, वर भिंग ठेवलं.

स्टाने वाकला. मोडलेल्या झाडांमधून गाड्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या. चाकं लहान लहान, वर कापडी टप, ढकलायला मागे दांडा. बाबागाड्या.