चौतीस नंबर

“चौतीस नंबर!” शिपाई ओरडला, आणि मंत्र्यांची बायको बाकावरून उठली.

दोन तास बसून तिची पाठ भरून आली होती. पण करणार काय? एका सहीसाठी तीन आठवडे घरात नवऱ्याच्या मागं लागून झालं होतं. पोटातली गाठ काढायची होती. ऑपरेशन उद्या सकाळी. फॉर्मवर नवऱ्याची सही आणा, नाहीतर तारीख पुढं जाईल, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. नवरा म्हणायचा, “बघतो.” नगरसेवक होता तेव्हाही बघतो, आमदार झाला तेव्हाही बघतो. मंत्री झाल्यापासून तर तेवढं सांगायलाही पीए यायचा. काल तो म्हणाला, “वहिनी, मीच करू का साहेबांची सही? मला हुबेहूब जमते.” तिनं कपाळावर हात मारून घेतला.

म्हणून आज ती सरळ ऑफिसातच आली. दर सोमवारी साहेब लोकांच्या तक्रारी ऐकायचे. सत्तावीस वर्षांत एक सोमवार चुकला नाही म्हणे! तिनं चारचौघांसारखा अर्ज लिहिला, खाली माहेरचं नाव घातलं आणि रांगेत बसली.

साहेबांच्या कानाला फोन होता. पीए बाजूला फायलींत डोकं घालून उभा होता. साहेबांनी मान वर न करताच अर्ज ओढून घेतला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“कमाल आहे! बायकोचं ऑपरेशन, आणि याला सही करायला वेळ नाही? ताई, करतो काय तुमचा नवरा?”

“लोकांची कामं करतो.”

आवाजसुद्धा ओळखला नाही मेल्यानं!

“लोकांची कामं म्हणे!” साहेब कडाडले. त्यांनी अर्जाच्या कडेला लिहिलं, ‘पतीस कडक समज द्यावी.’ खाली झोकदार सही ठोकली आणि कागद पीएकडे सरकवला. “आजच्या आज झालं पाहिजे. चला, पुढचा कोण?”

पीएनं शेरा वाचला. मग समोर पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“वहिनी... तुम्ही?”

साहेबांनी आता कुठं मान वर केली. फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत राहिलं.

तिनं पर्समधून हॉस्पिटलचा फॉर्म काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“समज सावकाश द्या. आधी इथं सही करा. मागं लोक खोळंबलेत.”