निम्मा थकवा

स्तनाच्या कर्करोगावरची केमो घेऊन आल्याच्या दुसऱ्याच सकाळी हेमांगी तुळशीला प्रदक्षिणा घालत होती. पाय मुळीच जड नव्हते, याचं तिलाच नवल वाटलं. सासूबाई मात्र पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"उपास सोसवत नाही गं आता."

"आई, कांदेपोह्यांची रिकामी बशी अजून शेजारीच आहे तुमच्या."

हेमांगीने त्यांचं मनगट हातात घेतलं. तिथे दवाखान्याने बांधलेली, एकीचा थकवा दुसरीच्या अंगात नेणारी पट्टी होती; तिने सुनेचा निम्माच थकवा ओढून घ्यायचा, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. सासूबाईंनी पट्टीवरचा काटा पूर्णावर नेऊन ठेवला होता.

"तुझ्यासाठी व्रत घेतलंय मी," त्या पुटपुटल्या.

तिने काटा निम्म्यावर आणला. तिचे पाय लगेच जडावले. तिने हात पुढे केला.

"मग मलाही घ्या त्यात. उठा, उरलेल्या प्रदक्षिणा दोघी सावकाश घालू."