परतीची तारीख

लूर्दम्माळ मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत शिरली ती हसतच. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात इस्त्री केलेला शर्ट.

“कुठाय माझा सहायम?”

थेनमोळीने कॉम्प्युटरवरून मान वर केली. बोटींच्या नोंदींचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. सहायमची बोट समुद्रात गेली त्याला बेचाळीस दिवस झाले होते.

“आला म्हणून कुणी सांगितलं, अम्मा?”

“कुणी म्हणजे? तुमचाच मेसेज! शेजारणीनं दोनदा वाचून दाखवला. बंदरावर जाऊन आले, तिथं चिटपाखरू नाही. म्हटलं, सहीबिही करायला इथं थांबवला असेल. आईला तोंड दाखवायचं सोडून इथं काय करतोय मेला?”

थेनमोळीने नोंद उघडली. परतीची तारीख : १ जानेवारी १९७०.

रकाना रिकामा असला की प्रोग्रॅम अडत होता. म्हणून कालच तिने रिकाम्याच्या जागी शून्य धरायला लावलं होतं. यंत्र आपले दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजतं. त्याच्या लेखी शून्य म्हणजे तो दिवस. तारीख सापडली, म्हणजे माणूस परतला, घरी मेसेज गेला.

“अम्मा, चूक माझी आहे. तो आलेला नाही. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी उगीच शून्य भरलं.”

लूर्दम्माळ खुर्चीवर टेकली. शर्ट मांडीवर घेऊन त्याची बटणं लावत राहिली. थेनमोळीने घाईघाईने शून्य काढून टाकलं.

“आता काय लिहिलंस?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे... गेला?”

“नाही, अम्मा. गेला असंही नाही, आला असंही नाही. ठाऊक नाही, एवढंच.”

म्हातारीने वाकून पडद्यावरची ती रिकामी, पांढरी चौकट पाहिली. “हं,” ती म्हणाली. “असंच आहे खरं.”

बाहेर कलकलाट ऐकू आला. थेनमोळीने खिडकीतून पाहिलं. वाळूच्या रस्त्याने बायका लगबगीने येत होत्या. सगळ्यांच्या पुढे एक तरुण पोर, कडेवर मूल, केसांत ताजा मोगरा, चक्क धावत होती. बोटीवर अकरा जण होते.

थेनमोळी दाराकडे जायला उठली. लूर्दम्माळने पदराने तोंड पुसलं आणि खांद्याला धरून तिला खाली बसवलं.

“तू बस, पोरी. त्यांना मी सांगते.”