पाच हिवाळे

"बर्फाचे टायर वापरलेलेच दाखव. एवढाच हिवाळा काढायचाय," मी म्हणालो.

टायरवाला सरदारजी हसला. अकरा वर्षं, दर ऑक्टोबरात, इथं कॅनडात, विनिपेगमधल्या त्याच्या दुकानात मी हेच म्हणत आलोय. थंडी सरली की पिकअप विकायची, डबे पोचवायचा धंदा बंद करायचा आणि मिरजेला परत जायचं, असं आमचं दरवर्षी ठरतं.

"अंकल, हे नवे घ्या. पाच हिवाळे बघायला नको."

"पाच कुणाला हवेत?" मी वैतागलो. सकाळपासून डबे उचलून कंबरेचा काटा ढिला झाला होता.

इतका वेळ बाकावर बसलेली माझी बायको, कुमुद, उठली. नव्या टायरच्या खोल खाचेतून तिनं बोट फिरवलं. "अहो, हेच घेऊ या."

"अगं, आणि मिरज?"

तिनं सरदारजीला टायर चढवायची खूण केली. मी पुन्हा विचारलं नाही. दमलो होतो.

टायर चढले. मी गाडी सुरू करणार, तोच कुमुदनं पर्समधून लिंबू काढलं आणि नव्या गाडीला ठेवतात तसं पुढच्या चाकाखाली ठेवलं.

लिंबू ती घरूनच घेऊन आली होती.