उंदीर पडलेल्या घराचं भाडं

सुबरावनं कुलूप काढलं आणि मागं सरून रस्त्यावर उभा राहिला. धोतराचा सोगा नाकाला. घर त्याचं, बापानं बांधलेलं, पण आत पाय टाकायची छाती नव्हती.

"उंदीर पडून किती दिस झाले?" राजाबाईनं विचारलं.

"नऊ. म्हणून तर निम्म्या भाड्यात देतोय, आक्का."

शहापूरची ती आख्खी आळी कुलपं घालून गेली होती. पलेगाला भिऊन जो तो वडगावच्या माळावर खोप घालून राहिलेला. राजाबाईचीही खोप तिथंच होती, कालपर्यंत. माळाचा मालक भावकू. त्यानं आधी जागेचं भाडं वाढवलं. मग बेळगावातनं एक वकील आला, त्यानं तिप्पट कबूल केलं, आणि भावकूनं राजाबाईच्या खोपीचे बांबू आपल्या हातानं उपटले. वकिलाच्या गाईला जागा पाहिजे होती. राजाबाईनं भावकूला सात पिढ्यांसकट धुतला. बांबू काही परत रोवले गेले नाहीत. मग ती माळभर हिंडली. जो तो आधी सुनेच्या पोटाकडं बघायचा आणि मग भाडं सांगायचा.

सून अंजनी बाहेर बैलगाडीत बसली होती. नववा सरत आलेला. उघड्यावर बाळंतपण करायला ती काय कुत्री होती?

राजाबाई एकटीच आत गेली. चुलीपाशी एक उंदीर पडला होता. खराट्याच्या बुडख्यानं ढकलला तर अंग अजून ताठलं नव्हतं. नऊ दिवसांचा नव्हता, आजचाच होता.

बाहेरनं अंजनीची हाक आली, "आत्ती, घर बरं हाय न्हवं?"

राजाबाईनं दाराकडं तोंड केलं.

"बरं हाय. न्हाणी बी हाय," ती म्हणाली, आणि उंदीर मागच्या दारानं परसात लोटून त्यावर वाळला पाला पेटवला.

ती पुढं आली तेव्हा अंजनी गाडीच्या चाकाला धरून उतरली होती. आळीतली कुलपं बघत होती. वेळ आली तर हाक कुणाला मारायची, असं काहीबाही पुटपुटली. राजाबाईनं तिला झापलं. तुझ्या नवऱ्याला मी शेतात एकटीनं जन्म दिलाय, तू काय राणी लागून गेलीस, म्हणाली. आणि दंडाला धरून तिला आत नेऊन बसवलं.

सुबराव अजून रस्त्यावरच होता. महिन्याचं भाडं आधी द्या म्हणाला. काळ बरा न्हाय, एवढंच म्हणाला.

राजाबाई दार ओढून घेऊन त्याच्यापर्यंत चालत गेली. सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली.

"महिना सरला की ये. हितंच उभा राहून हाक मार. आतनं ओ आली, तर भाडं घेऊन जा."